‘डॉन’ची रेकॉर्ड भंगारात घालू नका

सोनाळ्यासारख्या गावात जुन्या लाऊडस्पीकरवाल्याच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी अजून सापडू शकते. लग्नाची वरात असो की यात्रा, एकेकाळी गाणी त्याच पेटीतून वाजायची. आज ती उघडली की आधी भंगाराचा भाव आठवतो. थोडं थांबा, कव्हर वाचा.

त्यात १९७८ चा ‘डॉन’ असेल, तर हातात साधी फिल्मी रेकॉर्ड नाही. कल्याणजी-आनंदजींनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल-फंकचा ठेका हिंदी गाण्यात उतरवला, तो इथे ऐकू येतो. आशा भोसले यांच्या आवाजातलं ‘ये मेरा दिल’ आणि १९७२ च्या ‘अपराध’मधलं एक गाणं, या दोन्हींचा आधार घेऊन ‘ब्लॅक आइड पीज’ने २००५ मध्ये आपलं गाणं रचलं. त्याला ग्रॅमीही मिळालं. आपण मात्र मूळ माल किलोवर विकतोय.

मोबाइलवर फुकट ऐकता येतं, मग रेकॉर्ड कशाला? आवाज रेकॉर्डवरच चांगला, हा दावा मला अनेकदा फुगवलेला वाटतो. पण जुनं सगळंच संगीत मोबाइलवर आलेलं नाही. काही गाणी फक्त त्या खाचांमध्येच उरली आहेत.

या खाचांचा मोठा शत्रू आपला उन्हाळा. एलपी विनाइलची, म्हणजे पीव्हीसीची असते. साधारण साठ-सत्तर अंशांना ती मऊ पडू लागते. मे महिन्यात टिनाखालची बंद पेटी किंवा उन्हात उभी गाडी तिला वाकवायला पुरेशी आहे. एकावर एक चळत लावू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. जागा थंड भिंतीकडची हवी. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी येते, म्हणून ओल नको. वाकलेली रेकॉर्ड इस्त्रीने सरळ करणारे हुशार लोकही असतात. त्यांच्या नादी लागू नका.

धूळ मऊ कापडाने खाचांच्या दिशेनेच गोल पुसा, आडवं घासू नका. मळ जास्त असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब चालतो, मात्र मधलं लेबल कोरडं राहू द्या आणि नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून टाका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जड, पडली की फुटणारी ७८ आरपीएमची जुनी रेकॉर्ड लाखेची असते. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर लाखच विरघळते. आणि भोंग्याच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर कधीच ठेवू नये. एकदा वाजवली तरी खाचा खरवडल्या जातात. एलपीला हलकी, न झिजलेली सुईच हवी.

एवढं सांभाळून रेकॉर्ड वाजवा मात्र जरूर. तिचं घड्याळ करून भिंतीला टांगणं मला तरी पटत नाही. घरी प्लेअर नसेल तर ज्याच्याकडे चालू प्लेअर आहे, त्याच्याकडे जाऊन एकदा ऐका, गाणी मोबाइलमध्ये भरून घ्या. भंगारवाल्याला मग काय द्यायचं, ते ठरवा.