अंड्याचे बदक आणि भाताचे खाचर

बदके पाळायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मांसाची जात घ्यावी की अंड्याची? उत्तरही ठरलेले. मांसासाठी व्हाइट पेकिन, अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल, आणि दोन्ही हवे असेल तर दोहोंचा संकर. हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यावरून जुन्नर किंवा आंबेगावातल्या दोन एकरवाल्याचा निर्णय होत नाही. पुस्तकातले आकडे पोटभर विकतच्या खाद्यावरचे असतात आणि आपला सगळा हिशेब खाद्यापाशीच अडतो. आमचे मत असे की या दोन तालुक्यांत मांसासाठी बदक हा धंदा म्हणून बसत नाही. अंड्यांसाठी बसतो, पण सगळीकडे नाही. पश्चिम पट्ट्यात, घाटघर–अंजनावळे किंवा आहुपे–तिरपाडच्या बाजूला, जिथे भाताच्या खाचरात निदान तीन महिने पाणी उभे असते, तिथेच तो बसतो. तिथेही हलक्या अंगाची अंड्याची जातच घ्यावी.

आधी मांसाचे पाहू. चांगल्या आहारावर पेकिनचे पिल्लू सहा-सात आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो भरते. वाढीचा वेग उत्तमच आहे. पण एक किलो वजनासाठी ते सुमारे अडीच किलो खाद्य खाते, तर आजचा ब्रॉयलर तेवढेच काम दीड-पावणेदोन किलोत करतो. ज्या पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, जिथे करारावरच्या ब्रॉयलर शेडची सवय शेतकऱ्याला आणि गिऱ्हाइकाला पिढीभर झाली आहे, त्याच जिल्ह्यात दीडपट खाद्य खाणारा पक्षी किलोच्या भावाने विकायला निघणे म्हणजे उंटाच्या शर्यतीत बैल उतरवणे. शिवाय पेकिनची सगळी तुकडी एकाच आठवड्यात तयार होते. गिऱ्हाईक पंधरा दिवस लांबले की खाद्य जळते, चरबी वाढते, आणि नवी पिसे फुटू लागल्याने सोलणे जिकिरीचे होते. पुण्यात बंगाली, मल्याळी, आसामी कुटुंबे आहेत, हॉटेले आहेत, त्यांना बदकाचे मांस हवे असते हे खरे. पण त्यांना ते साफ केलेले, शीतसाखळीतून आणि दर आठवड्याला हवे असते. पन्नास पक्ष्यांचा मालक तो पुरवठा सांभाळू शकत नाही. घरच्या खाण्यापुरते मांस हवे असेल तर पेकिनपेक्षा दोन-तीन मस्कोव्ही माद्या बऱ्या. त्या सावकाश वाढतात, पण गवतावर बऱ्यापैकी भागवतात, आवाज करत नाहीत आणि स्वतःची अंडी स्वतःच उबवतात. त्या अंड्यांना मात्र साध्या बदकासारखे २८ नव्हे, ३५ दिवस लागतात. मस्कोव्हीचा साध्या बदकाशी झालेला संकर वांझ निघतो, तेव्हा त्यातून पुढची पैदास धरू नये.

मग अंड्यांचे गणित आपोआप जमते का? नाही, आणि हे इथेच सांगितलेले बरे. खाकी कॅम्पबेलची ख्याती वर्षाला २८०–३०० अंड्यांची. आपल्याकडच्या सांभाळात २२० धरू. अंड्यावर असलेली मादी दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे वर्षाला साधारण ४७ किलो. सगळे विकत घेतले तर एका अंड्यामागे दोनशे ग्रॅमहून जास्त खाद्य पडते. पिंजऱ्यातली लेयर कोंबडी हेच अंडे १३०–१३५ ग्रॅममध्ये देते. बदकाचे अंडे मोठे, ६५–७० ग्रॅमचे; तो फरक धरला तरी कोंबडीच स्वस्त पडते. म्हणजे शेडमध्ये कोंडून, पोत्यातले खाऊ घालून बदक पाळणाऱ्याने ते न पाळलेलेच बरे. बदकाची बाजू वरचढ होते ती एकाच अटीवर: त्याच्या पोटाचा बराच भाग त्याने स्वतः शोधून भरला पाहिजे. जातीची निवड या अटीतून करायची आहे.

पश्चिम पट्ट्यातल्या कामांचे वेळापत्रक या अटीला चांगले जुळते. जूनच्या मध्यावर पिल्ले आणली तर पहिले तीन-चार आठवडे ती उबेत राहतात. तोवर चिखलणी होऊन जुलैत आवणी उरकते. आवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, रोपांनी मूळ धरले की, पिल्ले खाचरात सोडायची. तुडतुडे, अळ्या, गोगलगायी, बारीक खेकडे, तणाचे कोवळे अंकुर हे सगळे त्यांचे खाणे. चोचीने चिखल ढवळला जातो आणि विष्ठा तिथेच मुरते. भात निसवू लागला की त्यांना बाहेर काढायचे, नाहीतर लोंब्या ओढतात. कापणी झाली की गळालेल्या दाण्यांवर पुन्हा सोडायची. केरळच्या कुट्टनाडात चारा आणि चेंबल्ली बदकांचे मोठे कळप असेच कापणीमागून हिंडवले जातात. जपानच्या फुकुओका भागात ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भात आणि बदक एकत्र घेण्याची पद्धत उभी केली, ती हलक्या अंगाच्या संकरित बदकांवर. जड पक्षी रोपे तुडवतो, हे त्यामागचे साधे कारण. पूर्ण वाढलेली पेकिन तीन-साडेतीन किलोंची, खाकी कॅम्पबेल दोनच्या आतबाहेर. गुंठ्याला दोन-तीन पक्षी हे प्रमाण धरले तर वीस गुंठ्यांच्या खाचराला चाळीस-पन्नास पुरेत. एक सावधगिरी मात्र हवी. पडकईच्या, म्हणजे उतार फोडून केलेल्या खाचराच्या, नव्या बांधाची माती बसलेली नसते आणि बदके ओल्या मातीत चोच खुपसून भोके पाडतात. तसा बांध पहिल्या वर्षी जाळी लावून राखावा.

यावर तीन आक्षेप येतात, त्यातला पहिला सर्वांत वजनदार. बदक बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न दिसता वागवू शकते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला या रोगाने काय झाले ते कुक्कुटपालकांना सांगायला नको. म्हणून पूर्वेकडे नारायणगाव–मंचरच्या बाजूला, जिथे शेडला शेड लागून आहे, तिथे मोकळी बदके नकोत असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पश्चिमेकडेही बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात नकोत, आणि रानपक्षी उतरणाऱ्या जलाशयावर बदके सोडू नयेत. तिथे फुकटचे खाणे मिळते, त्याबरोबर रोगही मिळतो. दुसरा आक्षेप फवारणीचा. टोमॅटो-कांद्याच्या सरीत साचलेले पाणी पिणारे बदक वाचेलच असे नाही, आणि भातात दाणेदार कीटकनाशक टाकणाऱ्याने बदकांचे नावच काढू नये. पूर्व पट्टा वगळण्याचे हे आणखी एक कारण. तिसरा आक्षेप बिबट्याचा, त्यात मुंगूस आणि कुत्रेही धरा. बदक झाडावर चढत नाही, जमिनीवरच बसते, त्यामुळे रात्री चारी बाजूंनी आणि वरूनही बंद खुराडे लागते. पण ते असेही लागतेच. बदके बहुतेक सगळी अंडी सकाळी नऊच्या आत देतात. त्यांना तोवर आत ठेवले तर अंडी तुसावर स्वच्छ सापडतात. पहाटे सोडली तर अर्धी अंडी खाचरात जातात.

राहिला विक्रीचा प्रश्न. बदकाच्या अंड्याला उग्र वास येतो, ते कोण घेणार, असे म्हणणारे पुष्कळ. वास बराचसा खाण्यातून आणि घाणीतून येतो. शिवाय केक करणाऱ्यांना हे अंडे आवडते. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. अंडी रोज थोडी थोडी येतात, थोडी थोडी विकता येतात, उरली तर घरात खपतात. एका आठवड्यात साठ पक्षी खपवण्याचा ताण नसतो. जूनची पिल्ले नोव्हेंबरच्या सुमारास अंड्यावर येतात, म्हणजे श्रावण आणि नवरात्र मागे पडलेले असते. मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर थंडीत मागणी चढतीच असते. दिवस लहान होत असल्याने खुराड्यात दिवा लावून उजेड चौदा तासांवर न्यावा. मांसाची हौसही इथेच भागते. सरसकट घेतलेल्या पन्नास पिल्लांत निम्मे नर निघणार. सहा-सात माद्यांमागे एक नर पुरतो, आणि खाण्याच्या अंड्यांसाठी तर नराची गरजच नाही. उरलेले वीसेक नर खाचरातल्या खाण्यावर वाढलेले असतात; ते दसऱ्यानंतर विकावेत. उन्हाळ्याचे मात्र कोडे आहे. पश्चिमेकडच्या कित्येक वाड्यांत मार्चपासून पिण्याच्या पाण्याचेच हाल. बदकाला पोहायला तळे लागत नाही, नाकपुड्या धुता येतील एवढे खोल भांडे पुरते. पण खाणे विकतचे होते. ते अंड्याच्या पैशात भागते का, हा हिशेब फेब्रुवारीतच करावा. भागत नसेल तर घरची कणी आणि भरडा जितक्यांना पुरेल तितक्याच माद्या ठेवाव्यात. चांगली मादी दुसऱ्या वर्षीही जोमाने अंडी देते.

खाद्याबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण पावसाळ्यात ती हमखास घडते. दमट घरात ठेवलेल्या मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी धरते. त्यातले अफ्लाटॉक्सिन कोंबडी थोडेफार सोसते, बदक सोसत नाही. कुबट वास आला की ते पोते खताच्या खड्ड्यात टाकावे, बदकांपुढे नव्हे. भरडा नेहमी ओला करून द्यावा. कोरडा घशात बसतो.

शेवटची अडचण पिल्लांची. खात्रीची खाकी कॅम्पबेल मिळण्याची ठिकाणे दूर आहेत: भुवनेश्वरचे सरकारी पक्षी संशोधन केंद्र, बंगळुरूजवळचे हेसरघट्टा. खाकी रंगाचे प्रत्येक पिल्लू खाकी कॅम्पबेल नसते, हे बाजारात घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ही जात खुडूक बसत नाही, त्यामुळे घरची पैदास करायची तर गावरान खुडूक कोंबडीखाली आठ-दहा अंडी ठेवणे हाच स्वस्त मार्ग, आणि तो या वाड्यांतल्या बायकांना शिकवावा लागत नाही. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि घोडेगावचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांनी मिळून एक जरी शुद्ध मातृकळप पश्चिम भागात राखला आणि मेच्या अखेरीस पिल्लांची नोंदणी घेतली, तर दर घराला बंगळुरूची वाट पाहावी लागणार नाही. पिल्ले जुलैच्या अखेरीस हाती आली तर तो हंगाम गेलाच म्हणून समजावे; पोसवणीपूर्वी खाचरात हिंडायला त्यांना पुरेसे दिवसच उरत नाहीत.