शोकेसमधले जपानी कप

पांढरकवड्याहून हैदराबादला गेलो की आम्ही सालारजंग म्युझियम पाहतोच. तिथल्या जपानी चिनीमातीच्या भांड्यांपुढे पाय थबकतात. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. १९४९ साली ते अविवाहितच वारले. १९५१ साली संग्रह सर्वांसाठी खुला झाला. सोबत काहीच गेलं नाही.

आमच्या शोकेसमध्येही दादीचे जपानी कप कुलुपात असतात. सुनेच्या हातून एखादा फुटला, की आम्ही घर डोक्यावर घेतो. जपानमध्ये चहाचा फुटलेला वाडगा झाडाच्या चिकाने सांधतात, सांध्यावर सोन्याची पूड लावतात आणि पुन्हा त्यातच चहा पितात. कप सांधता येतो. सुनेचं दुखावलेलं मन कशाने सांधणार? येत्या ईदला कुलूप काढू या. शीरखुर्म्यानंतरचा चहा त्याच कपांतून, आणि पहिला कप सुनेला.