बालकलाकार हा आधी बालक असतो

गेल्या महिन्यात गागोदे बुद्रुकहून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "डॉक्टर, सारखं डोकं दुखतं म्हणतो, जेवत नाही. एखादं चांगलं टॉनिक द्या, पुढच्या आठवड्यात मुंबईला मालिकेची ऑडिशन आहे." तपासण्यात काही सापडलं नाही. रात्री साडेअकरापर्यंत संवादांची तालीम आणि सकाळी सातला शाळा, हेच खरं कारण होतं. मी टॉनिक दिलं नाही. लवकर झोपवायला सांगितलं.

मुलानं टीव्हीवर काम करण्याला माझा विरोध नाही. पण अशा पालकांना मी गॅरी कोलमनची गोष्ट सांगतो.

'डिफरंट स्ट्रोक्स' ही अमेरिकन मालिका १९७८ ते १९८६ चालली आणि त्यातला गोबऱ्या गालांचा छोटा गॅरी घरोघरी पोहोचला. त्याला लहानपणापासून मूत्रपिंडाचा आजार होता. १९७३ आणि १९८४ मध्ये दोनदा मूत्रपिंड बदललं, तरी डायलिसिस सुटलं नाही. आजार आणि औषधांमुळे त्याची उंची ४ फूट ८ इंचांवरच थांबली. लोक ज्या ठेंगणेपणावर हसत होते, ते आजाराचं लक्षण होतं! पुढे कमाईच्या पैशांवरून त्याला स्वतःच्या आईवडिलांविरुद्ध कोर्टात जावं लागलं. तो खटला जिंकला, पण २०१० मध्ये घरात पडून मेंदूत रक्तस्राव झाला आणि ४२व्या वर्षी तो गेला.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) चित्रपटातला श्याम, म्हणजे माधव वझे. या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. एवढं यश मिळूनही वझे शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले गेले. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा लोकांनी श्यामबरोबरच त्यांच्यातल्या शिक्षकाची आणि समीक्षकाचीही आठवण काढली. पडद्यापलीकडे मोठं आयुष्य असणं, हाच माझ्या मते बालकलाकाराचा खरा वारसा.

म्हणून पालकांनो, एवढं सांभाळा:

• ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी. शूटिंग असलं तरी हवीच.

• सकाळी पोट दुखणं, चिडचिड, पुन्हा अंथरूण ओलं होणं, याला नाटक समजू नका.

• या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वाढ मंदावली तर "गोड दिसतो" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

• कायदा जाणून घ्या. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात.

आणि सगळ्यात सोपी तपासणी घरीच करा. मुलाला "तुला हे करायचंय का?" असं विचारा. तो "नाही" म्हणाला, तर रागावू नका. त्या आईंनाही मी हेच सांगितलं.