स्टेप फाइल आली, मॉडेल उघडलं, टूलपाथही बनला. मग जॉब रिजेक्ट का झाला?

सकाळी मेल येतो. सोबत एक फाइल, नावाच्या शेवटी 'एसटीपी'. ग्राहकाचं म्हणणं, मॉडेल पाठवलंय, पाच नग उद्या संध्याकाळपर्यंत हवेत. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर, कोल्हापूरची शिरोली, कुठल्याही छोट्या मशीन शॉपमध्ये हे रोजचं आहे.

कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा नुकताच कॅमचा कोर्स करून आलाय. फाइल उघडते, मॉडेल स्क्रीनवर मस्त फिरतं. चार क्लिक केल्या की टूल कुठून कसं जाणार याच्या निळ्या रेघा दिसतात. प्रोग्रॅम मशीनवर जातो, जॉब निघतो, क्वालिटीवाला भोकात प्लग गेज घालतो आणि गेज आतच जात नाही.

आता चूक कुणाची? सॉफ्टवेअरनं तर मॉडेलबरहुकूम काम केलंय. आणि गडबड नेमकी तिथेच आहे.

फाइलमधून काय येतं आणि काय येत नाही?

एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात नेता यावं म्हणून 'स्टेप' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०३०३. त्याचे पहिले भाग १९९४ मध्ये आले. या फाइलमधून आकार नीट येतो. पण डिझाइनरनं तो कसा रचला, हे साधारणपणे येत नाही. कुठला पॉकेट आधी काढला, कुठलं भोक ड्रिलचं आणि कुठलं टॅपिंगचं, हा सगळा इतिहास मागेच राहतो. समोर उरतो एक मुका ठोकळा.

सगळ्यात महाग पडते ती टॉलरन्स. समजा ड्रॉइंगवर भोक २० एच ७ आहे. म्हणजे ते २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या मधे हवं. मॉडेलमध्ये मात्र ते बरोबर २० चं काढलेलं असतं. कॅम २० धरूनच टूल फिरवतं, म्हणजे निशाणा थेट खालच्या हद्दीवर. कटर जरा वाकला किंवा झिजला की भोक १९.९९ भरतं. अनुभवी माणूस आधीच २०.०१ चा नेम धरतो. बाहेरच्या मापाचंही तेच. ड्रॉइंगवर ५० आणि फक्त उणे ०.१ असेल, तर तो ४९.९५ वर चालतो.

स्टेपच्या २०१४ साली आलेल्या एपी २४२ या आवृत्तीत टॉलरन्सही फाइलमधून पाठवता येते. पण पाठवणाऱ्यानं ती मॉडेलमध्ये भरलेली हवी आणि घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ती वाचता यायला हवी. त्यामुळे सोबतचं पीडीएफ ड्रॉइंग मागून घेणं काही सुटलेलं नाही.

आट्यांची भोकं हा तर वेगळाच तमाशा. एम ८ च्या आट्यांसाठी ६.८ चं ड्रिल लागतं. मॉडेलमध्ये तेच भोक कुणी ८ चं काढलेलं असतं, कुणी ६.६४७ चं. नवखा माणूस स्क्रीनवर माप घेतो आणि ८ चं ड्रिल लावतो. मग टॅपला कापायला काही उरतच नाही, तुकडा थेट भंगारात.

आतले कोपरेही फसवतात. स्क्रीनवर काटकोन काढायला काही लागत नाही, पण एंड मिल गोल असतं. कोपऱ्याला ३ ची त्रिज्या असेल तर ६ चं टूल तिथे जेमतेम बसतं आणि कोपऱ्यात कचकतं, म्हणून ५ चं घेतात. कोपरा अगदी धारदार असेल तर प्रोग्रॅम बनवण्याआधी ग्राहकाला फोन करायचा.

त्यात गाडीच्या पार्टचं मॉडेल बऱ्याचदा पूर्ण गाडीच्या झिरोवरून मोजलेलं असतं. उघडल्यावर पार्ट मूळ बिंदूपासून मीटरभर लांब तरंगताना दिसतो. तो आधी मशीनच्या हिशोबानं फिरवून, सेटर जिथे जी ५४ चा झिरो घेणार तिथे आणावा लागतो.

सिम्युलेशन हिरवं, मग टूल का ठोकलं?

कारण सिम्युलेशनला जेवढं सांगितलं तेवढंच ते तपासतं. वाइस आणि क्लॅम्प मॉडेलमध्ये टाकलेच नसतील, तर त्याच्या लेखी तिथे मोकळी हवा आहे. टूल रॅपिडमध्ये त्या 'हवेतून' जातं आणि क्लॅम्पवर आदळतं. नुकसान टूलवर थांबलं तर नशीब. स्पिंडलला मार बसला तर मशीन बंद आणि उद्याच्या पाच नगांची वाट लागलेली.

मग शिकायचं कशावर?

सॉफ्टवेअर महाग असल्यामुळे बरेच जण ऑटोडेस्कच्या फ्यूजनची मोफत आवृत्ती वापरतात. २०२० च्या ऑक्टोबरपासून तिच्यातून रॅपिड चाल, आपोआप टूल बदलणं आणि मल्टी-ॲक्सिस काढून घेण्यात आलं. स्टेप एक्सपोर्टही जाणार होतं, पण वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ते राहिलं. शिकण्यापुरतं चालतं, धंद्याला नाही. तशी परवानगीही नाही. फ्रीकॅड मात्र पूर्ण मोफत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि तिच्यात कॅमचा विभाग आहे. जरा किचकट आहे, पण बाहेरची फाइल आणून सराव करायला पुरतो.

आता एआयही आलंय. लंडनच्या क्लाउडएनसीचं 'कॅम असिस्ट' मॉडेल बघून टूल आणि टूलपाथ सुचवतं. क्लिकचं काम त्यानं कमी होईल. पण पीडीएफच्या कोपऱ्यातली टीप वाचून ग्राहकाला फोन लावणं अजून माणसाकडेच आहे, आणि शॉपमध्ये पगार वाढतो तो त्याचा.

त्यामुळे कॅमच्या क्लासची फी भरण्याआधी एवढं विचारून घ्यायचं: बाहेरून आलेली स्टेप फाइल आणि तिचं ड्रॉइंग देऊन, झिरो घेण्यापासून गेज लावेपर्यंत एक तरी जॉब खऱ्या मशीनवर काढायला मिळणार का? की सगळं स्क्रीनवरच?