आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

2010 च्या जानेवारीत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ‘नेल’ ही संगणकप्रणाली सुरू केली. महाजालावरील कोट्यवधी पाने वाचून तिने आपले आपण ज्ञान गोळा करावे, हा उद्देश होता. भट्टीत भाजलेल्या खाद्यपदार्थांच्या वर्गात तिने ‘इंटरनेट कुकी’चाही समावेश केला. पुढे ‘कुकी पुसून टाकल्या’ आणि ‘फाइली पुसून टाकल्या’ ही वाक्ये सारखीच दिसल्याने संगणकातील फाइलीही त्याच पंक्तीत बसल्या! अखेर ही चूक माणसांनीच निस्तरली.

यंत्र शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ताडते. मजकूर विपुल आणि विविध असेल, तर अशा चुका विरून जातात. तो तुटपुंजा असेल, तर चूकच नियम होऊन बसते.

भारतीय भाषांपुढील प्रश्न नेमका हाच आहे. आयआयटी मद्रासच्या ‘एआय फॉर भारत’ या गटाने 2024 मध्ये 22 भाषांतील ‘संग्रह’ हा मजकूरसाठा खुला केला. त्यात सुमारे 251 अब्ज टोकन, म्हणजे यंत्राने वाचावयाचे शब्दांचे तुकडे आहेत. हे काम निःसंशय मोलाचे आहे. मात्र त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंग्रजी मजकुराचे यंत्रानुवाद आणि त्यांची रोमन लिप्यंतरे यांचा आहे. हा दोष संशोधकांचा नव्हे. मूळ मजकूरच अपुरा, म्हणून ही तडजोड. परंतु अशा अनुवादांतून वाक्ये भारतीय भाषेतली मिळतात, ज्ञान मात्र इंग्रजीत आधी लिहिले गेले तेवढेच. शिवाय अनुवादातील चुकाही धडा म्हणून गिरवल्या जातात.

अधिक शक्तिशाली संगणक आणल्याने ही उणीव भरून निघणार नाही. उपाय त्याच साठ्यात दिसतो: छापील मजकुराचे अक्षरओळख तंत्राने केलेले रूपांतर आणि ध्वनिफितींचे लेखनही त्यात आहे. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, राज्यांचे विज्ञानकोश, सार्वजनिक निधीतून झालेले प्रबंध तपासलेल्या मजकुराच्या रूपात खुले व्हायला हवेत. आणि प्रत्येक शोधनिबंधासोबत संशोधकाने मातृभाषेत दोन पाने लिहिणे, हा उपकार न मानता संशोधनाचाच भाग मानायला हवा.

यंत्राला वाचायला शिकवणे आता जमू लागले आहे. त्याने वाचावे असे लिहिणे मात्र अजून माणसांकडेच आहे.