एक गळा, दोन तबकड्या

विलायती गाणे म्हणजे नुसती आरडाओरड, असे ज्यांचे ठाम मत आहे त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. मारिया कॅलसची तबकडी लावतो.

बाई ग्रीक आईबापांची. जन्म मात्र १९२३ साली न्यूयॉर्कचा. १९३७ साली आई तिला अथेन्सला घेऊन गेली. तिथे एल्विरा द इदाल्गो या स्पॅनिश गायिकेने तिचा गळा घडविला. १९४२ साली अथेन्सवर परकी फौजांचा अंमल असताना पुचिनीच्या ‘टोस्का’ ऑपेरात ती नायिका म्हणून उभी राहिली. हाच ऑपेरा तिने १९५३ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ध्वनिमुद्रित केला. वाद्यवृंदाचे संचालक होते व्हिक्टर दे साबाता. जाणकार आजही त्या तबकडीपुढे मान तुकवितात.

माझा जीव मात्र दुसरीत गुंतला आहे. १९६४ च्या डिसेंबरात पॅरिसला तिने ‘टोस्का’ पुन्हा ध्वनिमुद्रित केला. मधल्या अकरा वर्षांत गळा थकला होता. वरचे सूर कापतात, क्वचित कर्कश होतात. यंत्र काहीच झाकीत नाही. तरी बाई एकही शब्द हलका पडू देत नाही! १९६५ च्या जुलैत लंडनला ‘टोस्का’च करून तिने ऑपेराचा रंगमंच सोडला, १९७७ साली पॅरिसला वारली.

मुलांना गाणे शिकविणाऱ्या आईबापांनी घरी दोन्ही तबकड्या ऐकवाव्यात. गळा काय करू शकतो, हे पहिली सांगते. गळा साथ सोडू लागला की गाणाऱ्याने काय करावे, हे दुसरी.