बाळाचा मुका खारट लागतो?

‘डॉक्टर, हिचा मुका घेतला की मिठासारखी चव लागते,’ असे एखादी आई सांगते तेव्हा आपण हसून विषय सोडून देतो. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचा धागा कधी कधी याच वाक्यात सापडतो.

या आजारात घामावाटे मीठ जास्त जाते. फुप्फुसातला कफ घट्ट व चिकट होऊन तिथेच अडकतो आणि त्यात जंतू वाढतात. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, शौचाला तेलकट व दुर्गंधीयुक्त होते, खाल्लेले अंगी लागत नाही. अशा मुलाला कधी दम्याचे, तर कधी जंतू न सापडताही क्षयाचे औषध सुरू होते. कोर्स संपतो, खोकला राहतो. हा गोऱ्या लोकांचा आजार, हा गैरसमजही निदानाच्या आड येतो. आपल्या मुलांनाही तो होतो.

निदानासाठी घामाची तपासणी करतात. हातावर औषध लावून सौम्य विद्युतप्रवाहाने घाम आणतात व त्यातील क्लोराइड मोजतात. सुई टोचावी लागत नाही. प्रमाण लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक आले, तर आजाराची दाट शक्यता असते. मग जनुकतपासणी करतात. ही सोय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असायलाच हवी.

आजार मुळासकट जात नाही. पण जेवणाबरोबर पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल, तूप-तेलासह सकस आहार, कफ सुटण्यासाठी छातीचे रोजचे व्यायाम आणि वेळीच प्रतिजैविके, यांनी आयुष्य वाढते. उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने जादा मीठही द्यावे लागते. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले तीन औषधांचे मिश्रण बऱ्याच रुग्णांत आजाराच्या मुळावरच काम करते. मात्र त्याची किंमत सामान्य कुटुंबाला झेपणारी नाही.

आणखी एक. दोष आई व वडील दोघांकडूनही आलेला असतो. दोघे स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न करण्याच्या आपल्या चालीने ही जोखीम वाढते. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे थांबवावे.

न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो आणि वजनही वाढत नाही, असे असेल तर पालकांनी न संकोचता विचारावे, ‘डॉक्टर, घाम तपासून पाहायचा का?’